शाळेत ताट मांडणारे मुख्यमंत्री : के. कामराज

दरवर्षी १५ जुलै रोजी तामिळनाडूतील शाळांमध्ये शिक्षण विकास दिन साजरा केला जातो. राज्याचे माजी मुख्यमंत्री कुमारस्वामी कामराज यांच्या जयंतीचा हा दिवस. स्वातंत्र्यसैनिक, काँग्रेसचे अध्यक्ष आणि दोन पंतप्रधानांच्या निवडीत निर्णायक भूमिका बजावणारे नेते म्हणून देश त्यांना ओळखतो. तामिळनाडूच्या खेड्यापाड्यांत मात्र त्यांचे नाव प्रथम निघते ते शाळेतील दुपारच्या जेवणाच्या संदर्भात. परिस्थितीमुळे स्वतः सहावीच्या पुढे शिकू न शकलेल्या या नेत्याने मुलांची भूक हाही शिक्षण खात्याचाच विषय आहे, हे सरकारी कारभाराला मान्य करायला लावले. शाळेतल्या ताटात पोषण किती, हा प्रश्न आज देशभर विचारला जातो. आधी ते ताट मांडावे लागले आणि ते मांडण्यासाठी कामराज यांना अनेक आक्षेपांना तोंड द्यावे लागले.

मूठभर तांदळाची शाळा

कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील विरुदुपट्टी या व्यापारी गावात झाला. हेच आजचे विरुदुनगर. वडील कुमारस्वामी नाडर नारळाचे व्यापारी होते. आईचे नाव शिवकामी. कुलदेवतेच्या नावावरून मुलाचे नाव प्रथम कामाक्षी ठेवले गेले आणि पुढे ते कामराज झाले. नागम्माळ ही त्यांची धाकटी बहीण.

कामराज सहा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. शिवकामी यांनी अंगावरचे दागिने विकले, आलेली रक्कम एका व्यापाऱ्याकडे ठेवली आणि तिच्या व्याजावर घर चालवले. दोन वेळची चूल पेटती ठेवणे म्हणजे काय असते, हे कामराज यांनी या घरात पाहिले.

त्यांचे शिक्षण गावातील क्षत्रिय विद्याशाळेत झाले. ही शाळा नाडर समाजाने स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती. एकेकाळी ताडी काढण्याच्या व्यवसायाशी जोडलेल्या आणि देवळांची दारे बंद असलेल्या या समाजाने व्यापारात जम बसवल्यावर आपल्या उत्पन्नातून सामाईक निधी उभारले. शाळेसाठी तर घराघरांतून रोज मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवला जाई. तमिळमध्ये या प्रथेला पिडि अरिसि म्हणतात. महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांनी उभारलेल्या मुष्टिफंडासारखीच ही पद्धत होती. गोळा झालेला तांदूळ विकून शाळेचा खर्च भागे. अन्न आणि अक्षर यांचे नाते कामराज यांना असे बालपणीच दिसले होते.

तरीही त्यांना शाळा सोडावी लागली. वय बारा वर्षांच्या आत-बाहेर असताना त्यांना मामांच्या कापड दुकानात बसवण्यात आले. शाळेत जाण्याच्या वयात पोटासाठी कामाला लागलेल्या असंख्य मुलांपैकी तेही एक होते. पुढे मुख्यमंत्री म्हणून त्यांनी घेतलेल्या निर्णयांमागे हा अनुभव होता.

तुरुंगातील वर्षे

दुकानात गिऱ्हाइकांची वाट पाहताना कामराज वर्तमानपत्रे वाचत, गावातील सभांना जात. १९१९ मधील जालियनवाला बाग हत्याकांडाने ते हादरून गेले. त्यानंतर त्यांनी काँग्रेसच्या कामाला वाहून घेतले. मुलगा राजकारणापासून दूर राहावा म्हणून घरच्यांनी त्यांना तिरुवनंतपुरम येथे दुसऱ्या मामांच्या लाकडाच्या वखारीत पाठवले. तेथेही ते वायकोम सत्याग्रहात ओढले गेले. घरच्यांनी त्यांच्या लग्नाचे प्रयत्न केले, पण ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले.

१९३० मध्ये राजगोपालाचारी यांच्या नेतृत्वाखालील वेदारण्यम येथील मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना पहिल्यांदा तुरुंगवास घडला. त्यांची रवानगी कलकत्त्याच्या अलीपूर तुरुंगात झाली. गांधी-आयर्विन करारानंतर १९३१ मध्ये त्यांची सुटका झाली. एस. सत्यमूर्ती हे त्यांचे राजकीय गुरू. १९३६ मध्ये सत्यमूर्ती प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले तेव्हा चिटणीसपदाची जबाबदारी कामराज यांच्याकडे आली. १९४० मध्ये कामराज स्वतः अध्यक्ष झाले.

वेल्लोरच्या तुरुंगात असताना १९४१ मध्ये ते विरुदुनगरचे नगराध्यक्ष म्हणून निवडून आले. सुटून आल्यावर, ज्या पदाला पूर्ण न्याय देता येणार नाही ते पद अडवून ठेवू नये, या भूमिकेतून त्यांनी राजीनामा दिला. ऑगस्ट १९४२ मध्ये ते मुंबईच्या अधिवेशनाला उपस्थित होते. परतताना पोलिसांना चुकवत त्यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांपर्यंत आंदोलनाचा संदेश पोहोचवला आणि हे काम पुरे झाल्यावरच ते पोलिसांच्या हाती आले. या वेळी त्यांना अन्य दाक्षिणात्य नेत्यांसमवेत विदर्भातील अमरावतीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. १९४५ मध्ये ते बाहेर आले. एकंदर सहा वेळा मिळून सुमारे ३,००० दिवस त्यांनी कारावासात काढले. शाळेत अपुरे राहिलेले वाचन त्यांनी या काळात भरून काढले. कामचलाऊ इंग्रजीही त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले.

बंद शाळांची दारे उघडली

१९५३ मध्ये मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. मुलांनी दिवसाचा काही वेळ शाळेत शिकावे आणि उरलेल्या वेळात आई-वडिलांच्या व्यवसायात मदत करावी, असे तिचे स्वरूप होते. शाळांची संख्या न वाढवता अधिक मुलांना शिकवता येईल, असा सरकारचा हिशेब होता. तथापि, या योजनेमुळे न्हाव्याचा मुलगा न्हावी आणि कुंभाराचा मुलगा कुंभारच राहील, अशी तीव्र टीका झाली. राज्यभर आंदोलने झाली, काँग्रेस पक्षातही विरोध वाढला आणि राजगोपालाचारी यांना पद सोडावे लागले.

१३ एप्रिल १९५४ रोजी कामराज मुख्यमंत्री झाले. विधिमंडळ पक्षाच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले सी. सुब्रमण्यम यांना त्यांनी मंत्रिमंडळात घेतले आणि अर्थ व शिक्षण ही महत्त्वाची खाती त्यांच्याकडे सोपवली. त्यांचे मंत्रिमंडळ अवघे आठ जणांचे होते. वादग्रस्त शिक्षण योजना रद्द करण्यात आली. बंद पडलेल्या शाळा पुन्हा सुरू झाल्या, शाळा नसलेल्या गावांत नव्या शाळा निघाल्या. शिक्षण संचालक एन. डी. सुंदरवडिवेलु यांनी या कामात कामराज यांना मोलाची साथ दिली.

शाळा उघडल्या, शिक्षक नेमले गेले, पण अनेक ठिकाणी वर्ग रिकामेच राहिले. नाव पटावर असलेले मूल शेतात, गुरांमागे किंवा धाकट्या भावंडांजवळ असे. दौऱ्यावर असताना कामराज यांना याचे कारण उमगले, असे सांगितले जाते. तिरुनेलवेली जिल्ह्यातील चेरनमहादेवी येथे रेल्वे फाटकापाशी त्यांची मोटार थांबली असता गुरे राखणारा एक मुलगा त्यांना दिसला. तो शाळेत का जात नाही, अशी विचारणा त्यांनी केली. शाळेत गेलो तर जेवायला कोण घालणार, असा उलट प्रश्न त्या मुलाने त्यांना केला. ही आठवण तामिळनाडूत घरोघरी सांगितली जाते. तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण त्या मुलाने विचारलेला प्रश्न कामराज यांना स्वतःच्या बालपणापासून ठाऊक होता.

भोजन योजनेचा प्रारंभ

शाळेत जेवण देण्याची कल्पना मद्रासला अगदीच नवी नव्हती. सर पी. त्यागराय चेट्टी यांच्या पुढाकाराने मद्रास महापालिकेने १९२० मध्ये थाउजंड लाइट्स भागातील शाळेत मुलांना दुपारचे खाणे देण्यास सुरुवात केली होती आणि त्यासाठी दर विद्यार्थ्यामागे दिवसाला एक आण्याची मर्यादा घालून दिली होती. पुढे ब्रिटिश प्रशासनाने खर्चाला हरकत घेतल्याने हा उपक्रम खंडित झाला. शहरापुरता राहिलेला हा प्रयोग खेड्यांपर्यंत नेण्याचे कामराज यांनी ठरवले.

या प्रस्तावावर अनेक आक्षेप घेण्यात आले. धरणे, वीज आणि उद्योग यांसाठीच पैसा कमी पडत असताना हा बोजा राज्याला पेलवणार नाही, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. मुलांना जेवू घालणे हे सरकारचे काम नव्हे, असेही मत होते. इतर कामे थांबली तरी चालतील, पण हे काम थांबता कामा नये आणि त्यासाठी गावोगाव भिक्षा मागण्याचीही आपली तयारी आहे, अशी भूमिका कामराज यांनी घेतली.

१९५६ मध्ये कवी सुब्रमण्यम भारती यांच्या जन्मगावी, एट्टयपुरम येथे योजनेचा प्रारंभ झाला. सुरुवातीला सारी भिस्त लोकांच्या देणग्यांवर होती. कोणी तांदूळ दिला, कोणी डाळ, कोणी भांडी, कोणी सरपण. पुढे सरकारने अनुदान सुरू केले. खर्चाचा काही वाटा राज्याने आणि उरलेला गावाने उचलावा, असे ठरले. विरुदुपट्टीच्या मूठभर तांदळाची प्रथा अशा रीतीने राज्याच्या धोरणात उतरली. तिला अंदाजपत्रकाचा आधार मिळाला, हा महत्त्वाचा फरक होता.

पुढील काही वर्षांत हजारो शाळांमध्ये दुपारचे जेवण मिळू लागले. त्याच काळात भरलेल्या शाळा सुधारणा परिषदांमधून गावकऱ्यांनी इमारती, बाके, फळे आणि पुस्तके दिली. गरीब-श्रीमंत हा भेद कपड्यांतून दिसू नये म्हणून १९६० च्या सुमारास मोफत गणवेशाची योजना आली. गरीब कुटुंबांतील मुलांना शालान्त परीक्षेपर्यंत निःशुल्क शिक्षण मिळू लागले. वैगै, मणिमुत्तारू, सात्तनूर यांसारखी धरणे आणि तिरुचिरापल्लीचा अवजड विद्युत उपकरणांचा कारखाना याच कारकिर्दीतील.

ताटात काय होते?

कामराज यांच्या योजनेतील जेवण साधे होते. भात, त्यावर पातळ सांबार आणि उपलब्ध असल्यास थोडी भाजी. रिकाम्या पोटी येणाऱ्या मुलाची भूक त्याने भागत असे आणि मूल दुपारनंतरही वर्गात थांबत असे. शाळेतील उपस्थिती वाढवणे हा योजनेचा पहिला हेतू होता.

आहारशास्त्राच्या दृष्टीने मात्र या ताटात उणिवा होत्या आणि त्यांची माहिती त्याच राज्यात उपलब्ध होती. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उभारलेल्या प्रयोगशाळेत भारताच्या विविध भागांतील आहारांची तुलना उंदरांवरील प्रयोगांतून करण्यात आली होती. गहू, दूध, डाळी आणि भाज्या असलेल्या पंजाबी शीख आहारावर उंदरांची वाढ उत्तम झाली, तर दक्षिणेतील गरिबांच्या सडलेल्या पांढऱ्या तांदळाच्या आहारावर ती खुंटली. मॅकॅरिसन यांच्यानंतर आलेल्या डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी १९३० च्या दशकात शाळकरी मुलांच्या नेहमीच्या आहाराला साय काढलेल्या दुधाच्या भुकटीची जोड देऊन पाहिली. ही जोड मिळालेल्या मुलांची उंची आणि वजन अधिक वाढल्याचे आढळले.

याचा अर्थ सरळ होता. तांदूळ ऊर्जा देतो, पण वाढत्या शरीराला लागणारी प्रथिने, लोह आणि अ जीवनसत्त्व त्यातून पुरेसे मिळत नाही. तांदळाच्या प्रथिनांत जे घटक कमी असतात ते डाळीतून मिळतात. त्यामुळे सांबार जितके पातळ, तितके ताट उणे. लहान मुलाच्या पोटात भात मावतो तरी किती? म्हणून थोड्या अन्नातून अधिक ऊर्जा देणारे तेलही आवश्यक ठरते. हिरव्या पालेभाज्यांवाचून रातांधळेपणाचा धोका राहतो.

लोकवर्गणी आणि तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या स्वयंपाकघराला हे सारे परवडणारे नव्हते. योजना सर्व मुलांपर्यंत पोहोचली नव्हती. प्राथमिक शाळेतील गरीब मुलांपुरतीच ती मर्यादित होती. गावाची वर्गणी आटली की ताटही आटे. १९६१ पासून केअर या संस्थेमार्फत परदेशातून दुधाची भुकटी आणि खाद्यतेल येऊ लागले, तेव्हा ही उणीव काही अंशी भरून निघाली. तथापि, मुलांच्या पोषणाचा महत्त्वाचा भाग परकीय मदतीवर अवलंबून राहिला. कामराज यांनी मुलांना शाळेत आणले, पण त्यांच्या शरीराला पूर्ण पोषण देण्याचे काम अपुरे राहिले, असेच म्हणावे लागेल.

दिल्ली, पराभव आणि अखेर

पक्षसंघटना मजबूत करण्यासाठी ज्येष्ठ नेत्यांनी सत्तापदे सोडावीत, अशी योजना कामराज यांनी मांडली. कामराज योजना या नावाने ती ओळखली जाते. तिच्यानुसार २ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांनी स्वतः मुख्यमंत्रिपद सोडले. लवकरच ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर लालबहादूर शास्त्री आणि १९६६ मध्ये शास्त्रीजींच्या निधनानंतर इंदिरा गांधी यांची पंतप्रधानपदी निवड होण्यात त्यांचा वाटा मोठा होता. स्वतः त्या पदासाठी मात्र ते पुढे आले नाहीत.

१९६७ च्या निवडणुकीत चित्र पालटले. हिंदीविरोधी आंदोलनाची धग कायम होती, अन्नधान्याची टंचाई होती आणि स्वस्त तांदळाचे आश्वासन देत द्रविड मुन्नेत्र कळघम मैदानात उतरली होती. राज्यातील काँग्रेसची सत्ता गेली. खुद्द विरुदुनगरमध्ये पी. श्रीनिवासन या विद्यार्थी नेत्याने कामराज यांचा १,२८५ मतांनी पराभव केला. शाळेत भाताचे ताट मांडणाऱ्या नेत्याच्या पक्षाला तांदळाच्या प्रश्नावर जनतेचा रोष सहन करावा लागला. कामराज यांनी हा निकाल शांतपणे स्वीकारला. १९६९ मध्ये नागरकोइल येथील पोटनिवडणूक जिंकून ते लोकसभेत गेले. त्याच वर्षी काँग्रेसमध्ये फूट पडली आणि ते संघटना काँग्रेसमध्ये राहिले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, मद्रास येथे त्यांचे निधन झाले. नऊ वर्षे मुख्यमंत्रिपद भूषवलेल्या या नेत्यामागे काही धोतरे, सदरे, पुस्तके आणि किरकोळ रोकड एवढेच उरले. विरुदुनगर नगरपालिकेने आईच्या घरी खास नळजोडणी दिल्याचे कळताच त्यांनी ती काढायला लावली, असे सांगतात. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न प्रदान करण्यात आले.

ताट भरत गेले

कामराज यांच्यानंतर ही योजना अनेक हातांतून पुढे गेली. स्वतः बालपणी उपासमार अनुभवलेले मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १ जुलै १९८२ पासून पौष्टिक आहार योजना सुरू केली. दोन वर्षांवरील बालकांपासून ती राबवण्यात आली आणि १९८४ मध्ये पंधरा वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना तिचा लाभ मिळू लागला. लोकवर्गणीऐवजी खर्चाचा भार राज्याने घेतला. स्वयंपाकासाठी वेतनावर महिला नेमल्या गेल्या आणि त्यांत विधवांना प्राधान्य मिळाले. या खर्चावर टीकाही झाली, पण योजना टिकली. १९८९ मध्ये एम. करुणानिधी यांच्या सरकारने पंधरवड्यातून एक उकडलेले अंडे देण्यास प्रारंभ केला. २०१० पासून शाळेच्या पाचही दिवशी अंडे मिळू लागले. पक्ष बदलले, सरकारे बदलली, पण ताट काढून घेण्याचे धाडस कोणी केले नाही. प्रत्येकाने त्यात भरच घातली.

राष्ट्रीय पातळीवर १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहाराचा कार्यक्रम सुरू झाला. अनेक राज्यांनी मात्र शिजवलेल्या अन्नाऐवजी दरमहा कोरडे धान्य वाटण्याचा सोपा मार्ग धरला. घरी गेलेले धान्य साऱ्या कुटुंबात वाटले जाई आणि शाळकरी मुलाच्या वाट्याला थोडेच येई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने आणि वर्षातून किमान २०० दिवस, असे माप न्यायालयाने घालून दिले. २००६ मध्ये प्राथमिक वर्गांसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे सुधारित प्रमाण आले. उच्च प्राथमिक वर्गांसाठी पुढे ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने ठरली. प्राथमिक शाळेतील मुलाच्या ताटासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असा हिशेब मांडण्यात आला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने या जेवणाला हक्काचे स्वरूप दिले. २०२१ पासून ही योजना पीएम पोषण या नावाने ओळखली जाते.

कागदावरचे प्रमाण आणि ताटातील अन्न यांत अंतर पडू शकते. डाळ महागली की वरण पातळ होते आणि भाजीचे पैसे वेळेवर आले नाहीत की ती ताटातून नाहीशी होते. १६ जुलै २०१३ रोजी, कामराज यांच्या जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत कीटकनाशक मिसळलेले अन्न खाऊन २३ मुलांचा मृत्यू झाला. भूक भागवण्यासाठी शाळेत येणाऱ्या मुलाच्या ताटाची जबाबदारी किती मोठी आहे, याची जाणीव त्या दिवशी देशाला झाली.

तामिळनाडूत सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना सकाळची न्याहारीही देण्यास सुरुवात झाली. उपाशी येणाऱ्या मुलाने दुपारच्या जेवणापर्यंत वाट का पाहावी, हा त्यामागील विचार. १५ जुलै २०२४ रोजी, कामराज यांच्या जयंतीदिनी, ग्रामीण भागातील अनुदानित शाळांमध्येही ही न्याहारी सुरू करण्यात आली. रेल्वे फाटकापाशी उभ्या असलेल्या त्या मुलाचा प्रश्न कोणी जेवायला घालेल का, एवढाच होता. आज शाळेत येणाऱ्या मुलाच्या वतीने त्या ताटात काय आणि किती आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे.